माउस घरी ठेवून या

बसा. मागच्या बाकांवर नाही, पुढे या. लॅपटॉपची झाकणं पाडा, मोबाईल खिशात घाला. अंधेरीहून निघालात, घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडताना एकाच्या चपलेचा अंगठा तुटला, मुलुंडला पोचायला दीड तास लागला, हे सगळं मी ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

कौतुक गेल्या शनिवारी झालं. पेढे वाटून झाले, मुख्याध्यापकांनी शाल आणि नारळ दिला, तुम्ही चौघांनी वाकून नमस्कार केलात. नववी-दहावीच्या विज्ञानाचे चाळीस प्रयोग, संगणकावर, मराठीत, आणि मुलांनी स्वतः हाताळायचे. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? तुमच्या वेळी या शाळेत दोनच अमीटर होते आणि त्यातल्या एकाचा काटा अडकलेला असायचा. टिचकी मारली की हलायचा. त्या टिचकीवर तुम्ही ओहमचा नियम शिकलात. तीच मुलं आज अंधेरी पूर्वेच्या ऑफिसात बसून असं काही बनवतात, हे बघून निवृत्त मास्तरणीला बरं वाटणारच.

तर ते झालं. आज त्यानंतर काय घडलं ते बोलायचं आहे.

नववी ब मधली ती मुलगी. तुम्ही तिचं नाव विचारलं नव्हतंत, म्हणून मीही सांगत नाही. दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती, पांढरी काठी घडी करून मांडीवर. तुमचं प्रात्यक्षिक संपल्यावर तिनं हात वर केला आणि विचारलं, "दादा, हे कीबोर्डवर चालतं का?" सरळ प्रश्न होता. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. तुमच्यातला एक जण, कोण ते मला माहीत आहे आणि त्यालाही, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू मैत्रिणीशेजारी बस हं, काय दिसतंय ते ती तुला सांगेल."

बरं. मग जर्नलात तिनं काय लिहायचं? "मैत्रिणीच्या सांगण्यावरून असे कळते की काटा उजवीकडे गेला"? तुम्ही असं लिहून आणलं असतं तर मी वही खिडकीबाहेर फेकली असती. शेजाऱ्याची निरीक्षणं उतरवल्याबद्दल तुमच्यापैकी दोघांना मी वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्याच गोष्टीला आता तुम्ही मदत म्हणता?

तुम्ही गेलात, आणि ती व मी संगणकाच्या खोलीत दीड तास बसलो. मॉनिटर बंद केला. इंजिनिअर होऊन तुम्ही जे कधी केलं नाहीत ते मी एकोणसत्तराव्या वर्षी केलं: तुमचं सॉफ्टवेअर कानांनी वापरून पाहिलं. ती एनव्हीडीए हे वाचक सॉफ्टवेअर वापरते, संगणकावरचं बोलून दाखवणारं. फुकट मिळतं ते. २००६ साली मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणानं लिहायला घेतलं, जेम्स तेह हा दुसरा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला, आणि आज जगभर लोक ते वापरतात. तिचा तो आवाज इतका भरभर बोलतो की मला आधी वाटलं यंत्र बिघडलंय. तिनं माझ्यासाठी वेग निम्म्यावर आणला. आजीला हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तसा.

आणि काय ऐकू आलं? टॅबची कळ दाबली: "बटण." पुन्हा दाबली: "बटण." पुन्हा: "बटण." चौथ्यांदा: "आयकॉन अंडरस्कोर प्ले अंडरस्कोर फायनल टू डॉट पीएनजी." मग आलं "ग्राफिक." आणि त्यापुढे शांतता. तार, बॅटरी, अमीटर, रोध, सगळा प्रयोग त्या एका शब्दात गडप. आम्ही सात प्रयोग उघडले. सातही "ग्राफिक."

हसू नकोस. तुझाच आयकॉन आहे तो.

कारणही मला तिनंच समजावलं, कारण तुम्ही समजावलं नसतंत. प्रयोगाचा सगळा भाग तुम्ही कॅनव्हासवर रंगवला आहे. कॅनव्हास म्हणजे ब्राउझरच्या लेखी नुसता रंगवलेला फळा. त्यावर तार आहे की ताटवाटी, त्याला गंधवार्ता नाही. वाचक सॉफ्टवेअर पडद्याकडे बघत नसतं, ते पानाच्या आतली मांडणी वाचतं: हे बटण, त्याचं नाव हे, ही सरकपट्टी, तिची आत्ताची किंमत ही. आत काही मांडलेलंच नसेल तर ते बिचारं काय वाचणार? रंगवलेल्या फळ्यामागे खरी बटणं आणि खऱ्या सरकपट्ट्या ठेवता येतात, त्यांना नावं देता येतात. या कामाचे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमनं १९९९ पासून छापून ठेवलेत. तुमच्यातला थोरला तेव्हा माझ्याकडे पाचवीत होता आणि लंगडीत पडून गुडघे फोडून घेत होता. म्हणजे हे काल-परवाचं शास्त्र आहे, "अजून डेव्हलप होतंय बाई," हे मला सांगू नका.

आता मूळ मुद्दा. प्रयोग म्हणजे काय, हे मी तुम्हाला आठवीत पहिल्या तासाला विचारलं होतं. उत्तर पाठ होतं सगळ्यांना. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, आणि त्यामुळे दुसरं काय बदलतं याची नोंद करायची. या वाक्यात "बघायचं" हा शब्द कुठे आहे, दाखवा मला. नाही ना? तुम्ही तो मधे घुसवलात. डोळ्यांनी नोंद घेणं सोयीचं आहे, म्हणून विज्ञान डोळ्यांचंच, असं ठरवून टाकलंत. लेनेकनं १८१६ मध्ये स्टेथोस्कोप काढला, तेव्हापासून डॉक्टर छातीचा आजार कानानं ओळखतात. गायगर-म्युलर नळीला वेगवान कण लागला की टिक वाजते आणि भौतिकशास्त्रज्ञ त्या टिका मोजतात. पोर्तो रिकोची वांडा दियाझ-मर्सेड शिकत असताना हळूहळू दृष्टी गमावून बसली. तिनं ताऱ्यांच्या निरीक्षणांचे आकडे आवाजात उतरवले आणि ती खगोलशास्त्रज्ञ म्हणून काम करत राहिली. खेरात फर्मेय तीन वर्षांचा असल्यापासून दृष्टिहीन. समुद्री शंख-शिंपले नुसते बोटांनी चाचपून, त्यांच्या कवचांवर खेकड्यांनी केलेल्या हल्ल्यांच्या खुणा ओळखून, त्यानं उत्क्रांतीवर पुस्तकं लिहिली. आणि आपली नववी ब मधली मुलगी? तिनं मैत्रिणीशेजारी बसायचं.

लांब कशाला जाता? उपनगरी स्टेशनांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे खांबावर बीप-बीप वाजणारं यंत्र असतं. रोज त्याच्या खालून जाता तुम्ही. डबा कुठे येणार हे ते आवाजानं सांगतं. जे रेल्वेला जमलं, तेही मुंबईच्या गर्दीत, ते तुम्हाला वातानुकूलित खोलीत सुचू नये?

बुधवारी रात्री मी तुमच्यातल्या एकाला फोन केला होता. मान खाली घालू नको, वर बघ. म्हटलं, तुझा बहिर्वक्र भिंगाचा प्रयोग मला पडदा न दाखवता, नुसता शब्दांत सांग. तो म्हणाला, "बाई, मेणबत्ती इकडे सरकवली की ते तिकडे मोठं होतं." इकडे म्हणजे कुठे? भिंगाकडे की भिंगापासून लांब? आणि "ते" म्हणजे काय? "प्रतिमा" हा शब्द सातव्या मिनिटाला आला. "उलट" हा शब्द आलाच नाही. नाभीय अंतर किती ठेवलंय हे विचारल्यावर तो म्हणाला, "ते कोडमध्ये आहे." कोडमध्ये आहे, डोक्यात नाही.

मग मी पुढे विचारलं, मेणबत्ती नाभीच्या आत आणली तर? तो गप्प. दोन मिनिटांनी म्हणाला, "बाई, प्रतिमा नाहीशी होते." कशी होईल नाहीशी? मेणबत्तीच्याच बाजूला सुलट, मोठी, आभासी प्रतिमा मिळते. भिंगातून बघाल तर दिसते. साधा सूक्ष्मदर्शक त्यावरच चालतो, दहावीच्या पुस्तकात आहे. तुमच्या देखण्या प्रयोगात ती दाखवायचीच राहिली आहे. चार इंजिनिअर, एक चित्रकार, एक "कंटेंट टीम," गेल्या शनिवारी इथे बसलेले शंभर डोळस लोक आणि त्यांत मीही, कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्योत छान लकाकत होती ना! शब्दांत मांडायला लागल्यावर भोक सापडलं. अंध मुलीसाठी वर्णन लिहायला तुम्ही आधीच बसला असतात तर ही चूक पहिल्या आठवड्यात पकडली गेली असती, आणि फायदा सगळ्या वर्गाचा झाला असता. तिच्यावर उपकार करायला मी तुम्हाला सांगत नाहीये. ज्याचं वर्णन करता येत नाही ते तुम्हाला कळलेलंच नसतं, आणि न कळलेली गोष्ट तुम्ही शाळांना विकताय.

वर्णन कसं लिहायचं तेही सांगते, नाहीतर उद्या उत्साहात येऊन सगळीकडे निबंध चिकटवाल. तारेचा प्रयोग घ्या. लांबीची सरकपट्टी आहे. बाणाची कळ दाबली की एकेक सेंटिमीटर पुढे जायला हवी. आवाजानं म्हणावं, "तारेची लांबी, अकरा सेंटिमीटर." थोडं थांबून, "रोध वाढला, दोन पूर्णांक दोन ओहम." बस. "लांबी वाढली की रोध वाढतो, कारण रोध हा लांबीच्या समानुपाती असतो," असं तिथेच लिहिलंत तर तो प्रयोग राहत नाही, गाईड होतं. निष्कर्ष तिनं काढायचा आहे. डोळस मुलाला पडदा जेवढं दाखवतो तेवढंच तिला शब्दांनी कळावं. कमी नको, आणि जास्तही नको. शिवाय लांबी वीसवर नेताना प्रत्येक पायरीला पूर्ण वाक्य ऐकावं लागलं तर ती कंटाळून उठेल. तिथे सूर वापरा: रोध वाढेल तसा सूर चढेल, हात थांबला की आकडा बोलेल. आलेखाचंही तेच. सरळ रेषेचा सूर एका चालीनं चढतो, वक्राचा भसकन. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या कुठल्याही पोरीला हा फरक तुमच्याआधी कळेल.

हे मी मनानं सांगत नाहीये. कार्ल वाइमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात "फेट" हा विज्ञानाच्या सिम्युलेशनांचा प्रकल्प सुरू केला. त्यांची सिम्युलेशनं मराठीतसुद्धा मिळतात, तुम्ही त्यावरूनच तर कल्पना उचललीत. उचलायला हरकत नाही, पण अर्धीच उचललीत. त्यांच्याकडच्या कितीतरी सिम्युलेशनांत कीबोर्ड, आवाज आणि वर्णन यांचं काम वर्षानुवर्षं दृष्टिहीन विद्यार्थ्यांना शेजारी बसवून झालेलं आहे. फुगा स्वेटरवर घासून स्थितिक विद्युत दाखवणारा त्यांचा एक प्रयोग आहे. (मुंबईत स्वेटर कोणाकडे असतो ते सोडा.) त्यात फुगा कुठे आहे, किती ऋण प्रभार उचलला, भिंतीजवळ नेल्यावर काय झालं, हे सगळं ऐकून करता येतं. तुम्ही त्यांचे रंग घेतलेत आणि कान टाकून दिलेत.

मराठीबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलणार आहे. पानाची भाषा तुम्ही इंग्रजी म्हणून नोंदवून ठेवली आहे. एका शब्दाची चूक. त्यामुळे तिचं एनव्हीडीए तुमचा मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतं, आणि तो साहेब देवनागरी बघून मूग गिळून बसतो. दुसरं, मदतीची पीडीएफ. ती तुम्ही कुठल्या जुन्या फाँटात टाईप करून घेतलीत? छापलेल्या कागदावर "विभवांतर" दिसतं, आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. युनिकोड येऊन तीसच्या वर वर्षं झाली, तरी आपल्याकडे डीटीपीवाल्यांच्या जुन्या फाँटांतली पानं अजून फिरतात. डोळ्यांना ती मराठी दिसते, म्हणून कोणी तक्रार करत नाही. कानाला ती मराठी नाहीच. तिसरं, तुमचे ते "सेमी." तिनं आवाज मराठीवर आणल्यावर मी आधी ऐकलं "पाच सेमी" आणि मला वाटलं सेमी-इंग्लिशचं काही चाललंय. पुढे ओहमचं चिन्ह तर तिच्या आवाजानं चक्क गिळलं. एकक अक्षरी लिहायला काय पैसे पडतात? आणि "लाल तार डावीकडे जोडा, निळी उजवीकडे," ही सूचना कोणी लिहिली? एका तारेला नाव द्या, अ. दुसरीला ब. रंग ठेवा की, पण सोबत नाव ठेवा. लाल-हिरवा न ओळखणारी मुलंही प्रत्येक शाळेत असतात, ती बिचारी सांगत नाहीत इतकंच.

आता तुमच्या सबबी. त्या मला माहीत आहेत. गृहपाठ न करणाऱ्यांच्या सबबी चाळीस वर्षं ऐकल्या आहेत.

"बाई, अशी मुलं असतात किती?" २०११ च्या जनगणनेत पाहण्याचं अपंगत्व नोंदवलेले देशात पन्नास लाखांवर लोक होते. पण तो आकडा मी तुम्हाला कशाला सांगतेय? या शाळेत एक आहे. तुमच्या समोर बसली होती, तिनं हात वर केला होता. एवढी गणना पुरे.

"अंधांच्या शाळा वेगळ्या असतात ना?" असतात. दादरची १९०० पासून आहे, ताडदेवची १९०२ पासून, वरळीची १९२५ पासून. टेलर फ्रेमवर खिळे फिरवून गणितं घालणाऱ्या मुलांच्या पिढ्या तिथून बाहेर पडल्या, त्या शाळांचे या शहरावर उपकार आहेत. म्हणून मुलुंडच्या मुलीनं रोज दादर गाठायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं घराजवळच्या शाळेत, सगळ्यांच्या बरोबर शिकायचा हक्क तिला दिला आहे. डिजिटल साहित्य वापरता येईल असं असावं, हेही त्याच कायद्यात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, बंधनकारक हवेत. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हे जगण्याच्या मूलभूत हक्कात धरलं. त्या खटल्यातल्या याचिकाकर्त्यांपैकी अमर जैन हे स्वतः दृष्टिहीन वकील आहेत. यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे. तुमच्या कंपनीच्या वकिलाला विचारा, नाहीतर तो नंतर तुम्हाला विचारेल.

"पुढच्या व्हर्जनमध्ये करू." वरातीमागून घोडं. घर बांधून झाल्यावर जिन्यासाठी भिंत फोडायची, असला हा प्रकार. आधी केलंत तर चार ओळींचं काम, नंतर कराल तर चाळीस प्रयोग उकलावे लागतील. ते आता उकलावेच लागणार आहेत, ती शिक्षा तुमची तुम्ही ओढवून घेतली आहे.

"कोणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं." हे मात्र मला सर्वांत जास्त लागलं. मुंबईत राहून? मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे. शाळेतलं विज्ञान कसं शिकवावं, याच एका प्रश्नावर तिथे माणसं आयुष्यं घालवतात. जुहूला सी-डॅक आहे, तुमच्या ऑफिसापासून रिक्षानं जाल. अमृता विद्यापीठाबरोबर त्यांनी शाळांसाठी ऑनलाइन लॅब्स उभ्या केल्या. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून चालतं, डॉ. सॅम तारापोरवाला यांनी उभं केलेलं. पण त्यांच्याहीपेक्षा जवळ ती होती, दुसऱ्या रांगेत. "हे कीबोर्डवर चालतं का?" या प्रश्नात तुमची सगळी चाचणी होती, फुकट. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात.

तुम्हाला कदाचित वाटत असेल, बाई एका प्रयोगावरून एवढ्या का चिडल्यात? कारण या "मैत्रिणीशेजारी बस" चा शेवट कुठे होतो ते मी पाहिलंय. विज्ञान जमत नाही म्हणून सवलत. सवलत म्हणून दुसरा विषय. दहावीला विज्ञान नाही म्हणून अकरावीला सायन्स नाही. पुढे सगळे म्हणतात, अंध मुलांना आर्ट्सचीच आवड असते. आवड! आंध्रच्या श्रीकांत बोल्लाला अकरावीला सायन्स मिळावं म्हणून झगडावं लागलं, मग तो एमआयटीतून शिकून आला. आता त्याच्यावर सिनेमा निघाला आणि तुम्ही पॉपकॉर्न खात डोळे पुसलेत. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कृत्तिका पुरोहितच्या याचिकेवर निकाल लागला, तेव्हा कुठे आपल्या राज्यात दृष्टिहीनांना फिजिओथेरपी शिकायचं दार उघडलं. प्रत्येकीनं कोर्टात जायचं का? नववीतल्या मुलीनं ओहमच्या नियमासाठी?

आणि मी स्वतः काय दिवे लावले तेही ऐका, म्हणजे बाई फक्त दुसऱ्यालाच बोलतात असं म्हणायला नको. १९९४ ची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या शाळेत होते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, जन्मांध. तोंडी उत्तरं अशी द्यायचा की मी फळ्याकडे पाठ करून ऐकत राहायची. प्रात्यक्षिकाच्या तासाला मात्र मी त्याला प्रयोगशाळेबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसवायची. आत बर्नर, ॲसिड, काचेची नळी. त्याच्या काळजीपोटी, असं मी स्वतःला सांगत होते. वर्षभर बसवला. शेजारच्या मुलाच्या वहीतून मी त्याचं जर्नल पूर्ण करून घेतलं आणि खाली लाल शाईत सही केली. एकदा त्यानं मला विचारलं, "बाई, चुना पाण्यात टाकल्यावर भांडं खरंच गरम होतं का?" मी म्हटलं, "हो, पुस्तकात दिलंय." भांडं त्याच्या तळहातावर ठेवायला मला काय झालं होतं? बाहेरून हात लावायला डोळे लागत नाहीत. त्याला उष्णतेचा तो प्रयोग वर्गातल्या इतर कुणापेक्षाही नीट कळला असता.

तर "काळजीपोटी" हा शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारायचा नाही.

आता काम लिहून घ्या. कागदावर. चाळीस प्रयोगांपैकी पहिले दोनच घ्यायचे, तारेचा आणि भिंगाचा. भिंगाच्या प्रयोगात आभासी प्रतिमा आधी दुरुस्त करायची, ती सर्वांसाठी आहे. दोन्हींचं वर्णन आधी तुम्ही मराठीत वहीत लिहायचं, मला वाचून दाखवायचं. "इकडे", "तिकडे", "ते", "असं" हे शब्द आले की मी वही परत करीन. मग कोड. बटणाचं नाव ठेवताना आईनं हाक मारावी असं ठेवा, साधं, एकाच अर्थाचं. टॅबचा क्रम प्रयोग ज्या क्रमानं करतात तोच हवा. तुमचा लोगो, तुमचं ब्रीदवाक्य आणि शेअर करायची बटणं ओलांडून तिनं तारेपर्यंत का यायचं? आणि टायमर काढून टाका. विज्ञानाच्या प्रयोगात तीस सेकंदांची घाई कसली लावलीत? स्पर्धा परीक्षा आहे का ही?

दर शनिवारी ती एक तास इथे बसेल, तिच्या आईशी मी बोलले आहे. तुमच्या कंपनीनं त्या तासाचं मानधन द्यायचं. जाहिरातीत तिचा फोटो घालायचा नाही, तिला भाषण करायला लावायचं नाही, आणि "प्रेरणादायी" हा शब्द वापरलात तर पेढ्याचे पैसे परत घेईन. ती तुमची परीक्षक आहे. जिथे ती अडकेल तिथे तिच्या हातातून कीबोर्ड ओढून "असं कर" म्हणायचं नाही. गप्प बसून टिपून घ्यायचं. अडकली तर चूक तुमची.

तिनं शेवटी मला काय विचारलं सांगू? दीड तास "बटण, बटण, ग्राफिक" ऐकून झाल्यावर संगणक बंद करताना म्हणाली, "बाई, लांबी दुप्पट केली तर विद्युतधारा निम्मी होते, की त्याहून कमी?" मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, पुढच्या शनिवारी तू स्वतः करून बघ. मी तिला शब्द दिलाय, तुमच्या भरवशावर.

पुढच्या शनिवारी, सकाळी साडेनऊ. दोन प्रयोग तयार हवेत, कच्चे असले तरी चालतील, पण बोलणारे हवेत. हेडफोन आणा, माउस घरी ठेवून या. नऊ एकतीसला दार लावीन. जिन्यात पायऱ्या आहेत बसायला.